प्रकरण चौदावे : पाणकावळ्याच्या पोटात वाळू

पाणकावळा काही केल्या पाणी सोडीना.

पौषातली सकाळ. भाट्याची खाडी भरतीनं काठोकाठ भरलेली, मतलई वारा डोंगराकडून हवा तसा सुटलेला, आणि दोन्ही काठांवर माणसंच माणसं. राजिवड्याकडची मंडळी ओढून ठेवलेल्या होड्यांच्या नाळांवर, पुढच्या टोकांवर, चढून बसली होती. भाट्याकडे मेस्त्र्यांच्या होड्या बांधायच्या मांडवापासून माडांच्या मुळांपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. कोर्टातले दोन वकीलसुद्धा तरीत बसून खाडी ओलांडून आले होते. एवढ्या सगळ्यांच्या देखत काशीराम मेस्त्री आपलं विमान घेऊन खाडीच्या तोंडाकडून वर निघाला. इंजिन गरजलं, दोन्ही अंगांना पाण्याचे पडदे उठले, नाळ वर झाली, लोकांनी श्वास रोखला, आणि कसचं काय! विमान खाडीभर धावलं आणि वळणाशी जाऊन दमल्यासारखं बसलं. काशीरामनं ते फिरवून आणलं, पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला राजिवड्याकडून कुणीतरी ओरडलं, "काशीभाय, वल्हं देऊ काय रे?" आणि दोन्ही काठ खो खो हसले.

आत्माराम मेस्त्री गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याला हसू कुठलं यायला! काशीराम त्याचा धाकटा भाऊ. विमानाची अक्कल काशीरामची, पण विमानाचं पोट, म्हणजे माणूस आत बसतो आणि पाण्यावर टेकतं तो सगळा लाकडी सांगाडा, आत्मारामच्या हातचा. तीस वर्षं ज्या हातांनी मचवे आणि पडाव बांधले त्याच हातांनी हेही बांधलं होतं. शिवणीच्या लाकडाच्या फळ्या इतक्या पातळ रंधल्या होत्या की उन्हात धरल्या तर बोटांची सावली पलीकडे दिसावी.

आणि काय देखणं झालं होतं म्हणता! खाली मचव्याची नाळ, वर कापडाचे दोन लांब पंख, पंखांच्या मधोमध चार पायांवर उभं केलेलं इंजिन, पोटात एकामागे एक दोन बैठका, आणि कुशीला दोन चाकं. आतली मूठ फिरवली की चाकं वर जायची, उलटी फिरवली की खाली यायची. वाळूवर धावेल, पाण्यावर तरंगेल आणि दोन्हीकडून उडेल, असं काशीराम पाच वर्षं सांगत आला होता आणि लोक पाच वर्षं डोक्याशी बोट फिरवत आले होते. मग मागल्या पंधरवड्यात त्यानं ते भाट्याच्या पुळणीवर चाकांवर पळवलं आणि आंब्याच्या उंचीला नेऊन अलगद खाली टेकवलं. त्या दिवसापासून बोटं फिरायची थांबली. खाडीत डुबकी मारून काठावर पंख वाळवणाऱ्या पाखराचं नाव त्याला गावानंच ठेवलं, पाणकावळा. पाण्यातून मात्र ते अजून उठलं नव्हतं. ते आज उठायचं होतं.

ते आजच उठायला हवं होतं, कारण इंजिन मेस्त्र्यांचं नव्हतं. ते मुंबईच्या होर्मसजी शेटचं. शेटचं स्वतःचं विमान जुहूला मोडलं, इंजिन तेवढं वाचलं, आणि त्यांच्याकडे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या काशीरामला त्यांनी ते वापरायला दिलं. आता दुसऱ्या विमानासाठी ते त्यांना परत हवं होतं. काशीराम परवान्याच्या कामासाठी मुंबईस गेला तेव्हा त्यांना हाताला धरून, पाया पडून, सोबतच बोटीनं घेऊन आला होता. "पाण्यातून उठलं तर इंजिन तुझं आणि पुढचं कामही आपण मिळून करू. नाय उठलं तर परतीच्या बोटीनं इंजिन माझ्यासंगं," असा शेटचा शब्द होता. परतीची बोट परवा होती.

"ओढा रे," आत्माराम म्हणाला, आणि माणसं विमान काठावर घ्यायला लागली.

तेव्हाच ते झालं. राजिवड्याचा जमाल तांडेल, मेस्त्र्यांचा बापापासूनचा दोस्त, त्यानं नाळेला खांदा दिला आणि तोंड वाकडं केलं. "आत्माराम, गेल्या टायमाला आमी चौघांनी पालखीसारखं उचललेलं हे. आज आठ जणांना हलत नाय. काय दगड भरलेस काय आत?"

आत्मारामनं पोटाच्या लाकडावर हात ठेवला. बाहेरून रंग कोरडा, आतून फळी कोरडी. मग बोटाच्या पेरानं त्यानं ती ठोकली. कोरडी शिवण टणटण बोलते. ही धप्प बोलली.

अरे देवा, त्याला वाटलं, हे मी केलं!

*

मांडवात घावण्यांचा वास भरला होता. विमान उडणारच या भरवशावर सोनूबाईनं, आत्मारामच्या बायकोनं, पहाटेपासून घावणे घालून नारळाचा रस काढून ठेवला होता. आता तो कुणाच्या घशाखाली उतरेना. एक होर्मसजी शेट तेवढे खुर्चीत बसून नीट जेवत होते. भला माणूस होता, पण भूक ही भूक.

"काशीराम," शेट हात पुसत म्हणाले, "तुजा मशीन वाळूवर उडते, मी मानते. पण खालचा आकार बरोबर नाय. पाणी त्याला धरून ठेवते. बोटीसारखा बांदला, म्हणून बोटीसारखा वागते. तुजी चूक नाय. ज्यानं बांदला त्यानं बोटीच बांदल्या ना आजवर?"

आत्मारामकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं, त्यामुळे त्याला आणखीच कसंतरी झालं. काशीराम जमिनीकडे बघत होता. ओले कपडे अंगावर तसेच, ओठ घट्ट मिटलेले. "आकार मीच काढून दिला होता शेट," तो म्हणाला. "दादानं काढल्याबरहुकूम बांधला. चुकलं असेल तर माझं गणित चुकलं."

"मी काय म्हणत होते पहिल्यापासून?" यमुनाआत्येनं तोंड उघडलं. ही बापाची बहीण, घरात सगळ्यांत वडील, आणि जिभेला हाड नाही. "जल्लं मेलं ते पाखरू! मेस्त्र्यांनी लाकूड पाण्यात घालावं, आभाळात कशाला? पाच वर्षं घर दावणीला बांधलंस काश्या. ही मालन सोन्यासारखी पोर, हिच्या डोळ्याला डोळा नाय."

काशीरामची बायको, मालन, चुलीपाशी उभी होती. "जाऊबाई," ती सोनूबाईला म्हणाली, पण आवाज सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतका चढा, "आत्येंना सांगा, माझ्या डोळ्याची काळजी नको. ह्यांचं गणित चुकायचं नाय. दुसरं काहीतरी झालंय."

"झालंय," आत्माराम म्हणाला.

सगळे वळले. त्यानं मुंडाशाचं टोक उगाच नीट केलं. "काशी, तू मुंबईस होतास. मी सांध्यावरून हात फिरवला तर दोन ठिकाणी नखाएवढी फट लागली. मतलईनं लाकूड सुकलं होतं. म्हणून... म्हणून मी त्याला पाणी पाजलं."

शेटना काही कळलं नाही. जमालनं मात्र कपाळावर हात मारून घेतला.

"म्हंजे काय?" शेटनी विचारलं.

"शेट, नवी होडी अशीच कोण दर्यात घालत नाय," जमालनं सांगितलं. "आधी तिच्या पोटात पाणी भरून ठेवायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे गच्च बसतात. मग पाणी काढायचं आणि होडी सोडायची. आमच्यात पोर न्हाऊ घालावं तसं आहे ते. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं असेल त्याला."

"दोन दिवस भरून ठेवलं होतं," आत्माराम म्हणाला. "मग काढलं. वरून सुकलं, मला वाटलं झालं. बाहेरून तुझा रंग, त्यामुळे प्यालेलं पाणी आतच राहिलं. आतलं रोगण तू मुंबईहून आणणार होतास, तोवर लाकूड उघडंच." त्यानं विमानाकडे बोट केलं. "पाण्याचं वजन आहे ते, काशी. तुझं गणित बरोबर आहे. मीच त्याला जड केलं."

काशीराम उठला. विमानापाशी गेला, आत वाकला, फळीवर टकटक केलं, मग कान लावला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि आत्मारामला राग परवडला असता.

आणि मग मालन पुढे आली. तिनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला, पण या खेपेस मध्ये जाऊबाई घातली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिराशी थेट एक शब्द बोलली नव्हती. घराची रीतच तशी होती. "भावोजी," ती म्हणाली, "दसऱ्याला तुमी जाऊबाईंना म्हणालात, हे पाखरू न उडेल तर बरं. मी ऐकलंय. आता हे पाणी चुकून घातलंत, की मुद्दाम?"

"मालन!" काशीराम ओरडला. सोनूबाईनं तोंडाला पदर लावला.

"विचारू दे तिला," आत्माराम म्हणाला. "तिचा हक्क आहे." तो खाली बसला. "म्हणालो होतो, बाय. आजही तसंच वाटतं. काश्या त्या वाळूवरून वर गेला ना, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पण सदूचा मचवा तुला माहीत नाय, तू तेव्हा या घरात नव्हतीस. आमचा मधला भाऊ. मोसम तोंडावर होता, बाबांना घाई झाली, आणि मचवा तहानलेलाच दर्यात घातला. जयगडच्या पुढे सांधे सुटले. फळी आली काठाला, सदू नाय आला. त्या दिवसापासून माझ्या हातातली एक होडी तहानलेली गेली नाय. आणि मी काय काश्याला तसल्या लाकडावर बसवू? लाकडाशी मी कधी खोटं वागलो नाय बाय. त्यात माझा भाऊ बसणार होता, तर कसा वागेन?"

मालनचा राग गेला असंही नाही. पण ती तिथून हलली नाही, एवढं खरं.

*

"लाकूड सुकायला किती?" शेटनी विचारलं.

"आतून रोज ऊन मिळालं तर महिना," आत्माराम म्हणाला.

"परवा बोट आहे."

"मग सुकायचं नाय," काशीराम म्हणाला, आणि बसला.

तेव्हा यमुनाआत्ये बोलली. पाच वर्षं त्या पाखराला तळतळाट देणारी ही बाई बोलली, म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. "लाह्या कशात भाजतात गो, सोनू?"

"वाळूत."

"का?"

"वाळू धग धरून ठेवते. सगळीकडून सारखी लागते. दाणा करपत नाय."

"आणि दाण्यातलं पाणी?"

सोनूबाईनं आत्येकडे पाहिलं, मग विमानाकडे. "अगो बाई!" ती म्हणाली.

"मग बसलात काय सगळे तोंडात मारल्यागत?" आत्येनं कंबरेला पदर खोचला. "पुळणीवर वाळूला काय तोटा आहे? भाजा, पोत्यात भरा आणि घाला त्याच्या पोटात. गार झाली की दुसरी. तो मुंबईवाला बोटीवर बसून चार लोकांत सांगणार, रत्नागिरीच्या मेस्त्र्यांचं लाकूड फसलं म्हणून. मेस्त्र्यांचं लाकूड! पाखरू उडो नायतर बुडो, ते मी ऐकून घ्यायची नाय."

हा घरातला पहिला चमत्कार. विमान उडण्याच्या आधी यमुनाआत्ये फिरली.

मग जे चाललं ते पुढे कित्येक वर्षं भाट्यात सांगत होते. चुली पेटल्या त्या मांडवापासून पार लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कारण पंखांच्या कापडाला लावलेलं रोगण म्हणजे ठिणगीला आवतणच. "पंखांपाशी विडी ओढणाऱ्याची मिशी मी कापीन," अशी काशीरामनं ताकीदच देऊन टाकली. जमालची बायको रझिया उरसाच्या जेवणाच्या तांब्याच्या देगी होडीत घालून घेऊन आली आणि तिच्यासोबत राजिवड्याच्या निम्म्या बायका आल्या. एकीनं वाळू हलवायची, दुसरीनं पोत्यात भरायची, आणि चुलीपासून मांडवापर्यंत रांगेनं पोती पुढे सरकायची. सकाळी हसलेले लोक हेच. "वल्हं देऊ काय" म्हणणारा गडी तर सगळ्यांत मोठी पोती उचलत होता आणि मालननं त्याला तीनदा ऐकवलं, "वल्हं नको, हात चालव!"

होर्मसजी शेट कोट काढून बसले होते, ते थोड्या वेळानं पोती मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून स्वतः एक उचलून बघितलं. "बाप रे," ते म्हणाले, आणि लगेच ठेवून दिलं.

पाणकावळ्याच्या पोटात गुडघ्यांवर बसलेला एकटा आत्माराम. धग अशी की डोळ्यांतून पाणी. पोतं आलं की तो ते हातानं चाचपायचा, फार तापलेलं असेल तर परत पाठवायचा, मग फळीला लावून ठेवायचा. पातळ लाकूड होतं, झपाट्यानं पाणी सोडत होतं. पोतं उचललं की खाली फळीवर घाम फुटल्यासारखे थेंब. तो पुसायचा, ठोकायचा, कान लावायचा. धप्प. धप्प. मग संध्याकाळच्या सुमाराला एका कुशीला पहिल्यांदा टण् आवाज आला.

दुसरा दिवसही तसाच गेला. दुपारी काशीराम आत येऊन त्याच्याजवळ बसला. पोत्यांमुळे दोघांना मावेल एवढी जागा नव्हतीच, भावांनी पाय एकमेकांच्या पायांत घालून ती केली.

"दादा, आणखी किती?"

"हेच तर." आत्मारामनं कपाळ पुसलं. "आत्ता थांबवलं तर जड राहील. आणखी तापवलं तर उडेल, पण लाकूड तडकेल. रेषेनं फाटतं ते, वरून दिसत नाय. तू पाण्यावरून पळवलंस की दणका बसणार, आणि फट उघडली तर त्या वेगात..." त्यानं फळीवरचे थेंब पुसले. "काशी, मला आयुष्यभर लाकूड फुगवायचं माहीत. हे उलटं आहे. सदूच्या मचव्याचं लाकूड जसं होतं तसं मी माझ्या हातानं करतोय."

काशीरामनं फळीवर हात ठेवला. "तसं नाय. सदूदादाच्या मचव्याला कोण बघायला नव्हतं. ह्याला तू आहेस. मला लाकडातलं कळत नाय दादा, इंजिनातलं कळतं. तू पुरे म्हणालास की पुरे. त्याच्या आधी मी बसणार नाय, आणि नंतर मी विचारणार नाय."

तो निघून गेला. आत्माराम तिथंच बसून राहिला. एवढा मोठा शब्द त्याला आजवर कुणी दिला नव्हता, बापानंसुद्धा नाही, आणि तो त्याला त्या तापल्या पोत्यांपेक्षा जड वाटला. त्यानं पुढचं पोतं हातात घेतलं, चाचपलं, फळीला लावलं आणि लगेच काढलं. तळव्यानं सबंध पोट चाचपलं, नाळेपासून शेपटापर्यंत. एक फळी, दुसरी, तिसरी. शेवटी तळाच्या मधल्या लाकडाशी थांबला, ठोकलं, तेही टणटण बोललं.

"पुरे!" तो आतून ओरडला. "विझवा चुली!"

"अजून दोन देगी तयार आहेत," आत्येचा आवाज.

"पुरे म्हणालो ना, आत्ये! दाणा फुटेल आता."

मग त्यानं सगळ्या सांध्यांवर मेण फिरवलं. मालन मेणाचं भांडं धरून उभी होती. शेवटच्या सांध्यापर्यंत ते तिनं खाली ठेवलं नाही.

*

बोटीच्या दिवशी भरती वाढत्या उन्हात आली. मतलई पडायच्या आत आटपायचं होतं. चौघांनी विमान उचललं, पाचवा हात लावायला गेला तर जमाल ओरडला, "नको, नको, राहू दे! उगाच उडून जायचं हातातून."

या वेळी काठावर गलका नव्हता. ज्यांनी पोती वाहिली होती ती माणसं गप्प उभी होती. काशीरामनं इंजिन चढवलं. नाळ वर झाली, पाण्याचे पडदे उठले, विमान खाडीच्या तोंडाकडून वर यायला लागलं. आत्मारामनं ठरवलं होतं डोळे मिटायचे नाहीत. त्यानं मिटले नाहीत. पडदे खाली खाली आले, नुसती एक पांढरी रेघ उरली, रेघेवर पाणकावळा एकदा टेकला, दुसऱ्यांदा नुसता शिवला, आणि मग पाण्यावर त्याची सावली राहिली आणि तो नव्हता.

काय तो आरडाओरडा! वकिलांनी पगड्या उडवल्या. यमुनाआत्ये "अगो बया, गेला की! खरंच गेला की!" म्हणत रझियाच्या गळ्यात पडली. पाणकावळा माडांच्या शेंड्यांवरून वळला, भगवतीच्या किल्ल्याच्या अंगानं जाऊन आला, उन्हात पंख लखलखले, आणि त्याचा आवाज ऐकून राजिवड्याच्या घराघरांतून म्हाताऱ्या बाहेर आल्या. असं काही रत्नागिरीनं पाहिलं नव्हतं. आपल्या मांडवातून, आपल्या लाकडाचं, आपल्या पोराच्या हातातलं, ते आभाळात फिरत होतं. काठावरची माणसं डोळे पुसत होती. होर्मसजी शेटसुद्धा नाक शिंकरत होते.

मग ते खाली आलं, पाण्यावर टेकलं, एकदा उसळलं, नीट बसलं आणि काठाला आलं. आत्माराम पाण्यात धावत गेला. काशीराम उतरायच्या आत त्यानं पोटात हात घातला. तळाशी ओंजळभर पाणी होतं.

"ओंजळभर झिरपलंय," तो म्हणाला आणि ओंजळ जमालपुढे धरली.

"ओंजळभर!" जमाल म्हणाला. "अरे, त्यात माझं नमाजाआधीचं वजूसुद्धा व्हायचं नाय. माझ्या नव्या गलबतात बादलीभर असतं."

शेट पुढे आले. त्यांनी आधी आत्मारामचा हात हातात घेतला. "मिस्त्री, मी चुकले. आकार बरोबर होता. लाकूड पण." मग काशीरामकडे वळले. "इंजिन तुजा. पण एक बाकी आहे, डिकरा. मशीन दोन माणसांचा आहे. दुसऱ्या सीटवर वजन घालून उडव, मग मी बोटीवर जाते. पोतं ठेव एक वाळूचं, भरलेली आहेत ना पुष्कळ."

माणसं पोतं आणायला वळली.

"पोतं कशाला?" मालन म्हणाली. ती पाण्याच्या कडेला उभी होती, लुगडं घोट्यापर्यंत भिजलेलं, पदर डोक्यावर, नजर सरळ. "भावोजी आहेत की."

तिच्या बोलण्यात टोमणा आहे का, ते आत्मारामनं तिच्या तोंडाकडे बघून शोधलं. टोमणा नव्हता. डोळे भरलेले होते.

"ह्यांनी तुमच्या शब्दावर जीव पणाला लावला, भावोजी," ती म्हणाली. "तुमी पण लावा. मी बघत्ये इथं उभी राहून. आत्ता तुमी जसं डोळे उघडे ठेवून बघितलंत ना, तसं मी बघेन, आणि मला भीती वाटायची नाय."

आत्माराम मेस्त्री, ज्यानं बांधलेल्या होड्या मलबारापर्यंत गेल्या आणि जो स्वतः कधी खाडीच्या तोंडाबाहेर गेला नव्हता, त्यानं मुंडासं काढून सोनूबाईच्या हातात दिलं. सोनूबाई काही म्हणणार होती, पण आत्येनं तिचा हात दाबला. तो आत चढला, भावाच्या मागं बसला, आणि दोन्ही हातांनी कुशीची फळी धरली.

"घट्ट धर, दादा," काशीराम मागे न बघता म्हणाला.

इंजिन चढलं. पाणी फळ्यांवर आपटायला लागलं. हा आवाज आत्मारामच्या ओळखीचा होता, तळव्यांतून, मांडीतून, पाठीच्या कण्यातून जाणारा. कुठली फळी काय बोलते ते त्याला कळत होतं. दणके बसत होते, लाकूड खणखणत होतं, तो प्रत्येक सांधा मनात धरून बसला होता. दणके जलद झाले, मग बारीक झाले, मग नुसती थरथर राहिली. आणि मग पायाखालचं पाणी बोलायचं थांबलं.

एकदम थांबलं. जन्मभर लाकडाखाली ऐकलेलं ते पाणी गप्प झालं, आणि त्याच्या हाताखालची फळी होती तिथंच, शाबूत.

"काश्या!" इंजिनाच्या आवाजावर तो गळा फाडून ओरडला, रडत आणि हसत, "सुटलं रे! पाणी सुटलं!"